कर्ता आणि करण

मराठीत 'ने' हा प्रत्यय दोन निरनिराळी कामे करतो. 'गवंड्याने भिंत बांधली' असे म्हणताना तो कर्त्यास लागतो. 'गवंड्याने थापीने गिलावा सारखा केला' असे म्हणताना तो एकदा कर्त्यास व एकदा त्याच्या हातातील साधनास लागतो. कोकणीतील 'न' प्रत्ययाची गोष्टही याहून वेगळी नाही. 'रामान' आणि 'कोयत्यान' ही रूपे एकाच साच्यातली. व्याकरणात पहिल्यास कर्ता आणि दुसऱ्यास करण म्हणतात. रूप एकच असूनही व्यवहारात घोटाळा होत नाही, कारण थापी आपण होऊन भिंतीकडे चालत जात नाही, हे ऐकणारास पक्के ठाऊक असते. परंतु 'संगणकाने पुलाचा आराखडा केला' असे वाक्य आज सर्रास कानी येते, आणि त्यातील 'ने' कोणता, याचा निर्णय तितकासा सोपा राहिलेला नाही. प्रश्न वैयाकरणांपुरताच असता तर त्याची चर्चा त्यांच्यावर सोपवून स्वस्थ बसता आले असते. पण पूल खचला म्हणजे हाच प्रश्न न्यायालयात येतो, आणि तेथे तो 'जबाबदार कोण' असे नाव धारण करतो.

अभियंत्यांच्या कचेऱ्यांत ज्या संगणकीय आज्ञावलीस 'कॅड' या आखूड नावाने ओळखतात, तिचा उगम साठ वर्षांहून जुना आहे. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली सिद्ध केली. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढावयाची, दोन रेघा समांतर राहाव्यात असे यंत्रास एकदा सांगावयाचे, आणि मग आकृती कशीही हलविली तरी ते नाते यंत्राने सांभाळावयाचे, अशी ती योजना होती. म्हणजे रेघ ओढणे एवढेच नव्हे, तर रेघेमागील हेतू ध्यानात ठेवणे हेही काम पहिल्याच दिवशी यंत्राकडे गेले. पुढे १९८२ साली ऑटोडेस्क या कंपनीने 'ऑटोकॅड' बाजारात आणले. ते टेबलावरच्या लहान संगणकावर चालत असे. त्यानंतर टी-स्क्वेअर, गुण्या, कर्कटक आणि ट्रेसिंगचा कागद यांचे राज्य एका पिढीच्या आत लयास गेले.

या आज्ञावलीचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. जुन्या काळी मजल्याची उंची वीतभर वाढविण्याचे मालकाच्या मनात आले, तर जिना, खिडक्या, छेद-नकाशे, दर्शनी नकाशे असे सारे कागद पुन्हा काढावे लागत. शाईची रेघ ब्लेडने खरवडून खरवडून कागदास भोके पडत. आणि दहा कागदांपैकी नवव्यावर दुरुस्ती करावयाची राहून गेली, तर गवंडी नेमका तोच कागद हाती घेऊन काम सुरू करी. आता एक माप बदलले की त्याच्याशी बांधलेली सारी मापे बदलतात. भिंतीच्या आतून जाणारी पाण्याची नळी तुळईवर आपटणार असेल, तर ती पडद्यावरच आपटते. छिन्नी घेऊन तुळई फोडण्याची पाळी येत नाही. बोइंग कंपनीचे ७७७ हे विमान, ज्याने १९९४ साली पहिले उड्डाण केले, ते संपूर्णपणे संगणकावर रेखाटलेले पहिले मोठे प्रवासी विमान होय. भाग एकमेकांत बसतात की नाही हे पाहण्यासाठी पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारण्याचा पूर्वीचा रिवाज त्या वेळी बव्हंशी सोडून देण्यात आला, आणि भाग बसले. हे यश लहान नव्हे. हातकामाचा अभिमान बाळगणाऱ्या वृद्ध अभियंत्यांनी यास 'खेळणे' म्हणून नाक मुरडावे, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

तथापि साधन जितके समर्थ, तितके ते वापरणाऱ्यांनी आपापसांत ठरविण्याच्या गोष्टीही अधिक. युरोपातील एअरबस कंपनीच्या ए-३८० या प्रचंड विमानात सुमारे ५०० किलोमीटर लांबीची विजेची तार आहे. जर्मनीतील आणि फ्रान्समधील पथके एकाच आज्ञावलीच्या दोन निराळ्या आवृत्त्यांवर काम करीत होती. एकीकडे तारेच्या वाटेत केलेला बदल दुसरीकडे नीट उतरला नाही. आणि तारांच्या जुड्या प्रत्यक्ष विमानात बसविताना आखूड पडू लागल्या. २००६ साली ही गोष्ट चव्हाट्यावर आली, आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडण्यास ऑक्टोबर २००७ उजाडला. येथे यंत्राचे गणित चुकले असे म्हणता येत नाही. प्रत्येक पडद्यावर सारे जुळतच होते. दोन पडद्यांमध्ये जी जागा होती, तिचा धनी कोणी नव्हता.

अशा चुकीत पैसा जातो, प्राण जात नाहीत. याहून गंभीर अशी दुसरी चूक आहे, ती विश्वासाची. आराखडा काढणाऱ्या आज्ञावलीच्या जोडीला बांधकामावरील ताण मोजणारी आज्ञावली असते. आता तर दोन्ही बहुधा एकाच पेटीतून येतात. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात एका विशाल क्रीडागृहाचे लोखंडी छत अशाच संगणकीय गणिताच्या आधारे उभारले होते. छत जमिनीवर जोडून वर चढविताना ते गणिताने सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट वाकलेले आढळले. काम करणाऱ्यांनी ही गोष्ट अभियंत्यांच्या कानांवर घातली. अशी तफावत अपेक्षितच असते, असे समजून ती बाजूस सारण्यात आली. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते छत कोसळले. त्याच्या काही तास आधी तेथे सुमारे पाच हजार माणसे बास्केटबॉलचा सामना पाहत बसली होती. पहाटेची वेळ म्हणून कोणी दगावले नाही. छताच्या दांड्यांना मध्यभागी जो आधार मिळतो असे गणितात गृहीत धरले होते, तो प्रत्यक्षात तसा मिळत नव्हता, आणि छताचे स्वतःचे वजनही कमी धरले होते. यंत्रास जे सांगितले त्याचे उत्तर यंत्राने बिनचूक दिले. लोखंड मात्र वाकून निराळे उत्तर देत होते, आणि दोन साक्षीदारांपैकी कोणावर विश्वास ठेवावयाचा, हे ठरविताना माणसांनी डोळ्यांसमोरच्या साक्षीदारास खोटे ठरविले.

नॉर्वेतील प्रकरण तर मला अधिकच बोधप्रद वाटते. समुद्रातील वायू काढण्यासाठी 'स्लाइप्नर ए' नावाचा काँक्रीटचा अवाढव्य पाया बांधण्यात येत होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत चाचणीसाठी तो पाण्यात खोल उतरविताना त्याची एक भिंत फुटली आणि सारे बांधकाम तळाशी जाऊन चक्काचूर झाले. आर्थिक हानी सुमारे ७० कोटी डॉलरची. चौकशीत असे निष्पन्न झाले की, बांधकामाचे लहान लहान तुकडे कल्पून त्यांवरील ताण मोजताना एका नाजूक सांध्यापाशी तुकडे फार ढोबळ पाडले गेले होते. त्यामुळे भिंतीस कातरू पाहणारा ताण ४७ टक्क्यांनी कमी दिसला. भरीस भर म्हणून तेथील सळ्यांची पकडही अपुरी ठेवली होती. अपघातानंतर तेच गणित बारकाईने केले, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटावी असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत तीच, साधन त्याच जातीचे. एकदा ते ४७ टक्क्यांनी चुकले आणि एकदा तीन मीटरांच्या आत बरोबर आले. मधल्या काळात बदलली ती विचारणाराची सावधगिरी.

यावर कोणी म्हणेल, कागद-पेन्सिलीच्या काळी काय घरे पडत नव्हती? पडत होती. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात दोन टांगते मार्ग कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. एका अखंड लोखंडी दांड्याऐवजी दोन तुकडे वापरण्याचा साधासा दिसणारा बदल कामाच्या नकाशांत झाला होता, त्यामुळे एका सांध्यावर दुप्पट भार आला, आणि ते गणित कोणीच केले नव्हते. नकाशांवर अभियंत्याचा शिक्का मात्र होता. पुढे अभियंत्यांचे परवाने रद्द झाले, आणि १९८८ साली मिझुरी राज्याच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी; ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. तेव्हा हाताने काढलेली रेघ पवित्र आणि यंत्राने काढलेली भ्रष्ट, असा भेद मला मुळीच करावयाचा नाही. भेद आहे तो वेगळ्याच ठिकाणी.

पेन्सिलीची रेघ आपले वय सांगत असे. कच्चा विचार फिकट असे, त्यावर खोडल्याच्या खुणा असत. पक्का झाला म्हणजे तो शाईत उतरे. नकाशा पाहणारास, अगदी अडाणी मालकासही, 'हे अजून ठरायचे आहे' हे कागदावरूनच कळे. पडद्यावरची रेघ मात्र जन्मतःच प्रौढ असते. पहिल्या मिनिटास सुचलेला खांब आणि सहा महिन्यांच्या विचारांती ठरलेला खांब, दोन्ही सारख्याच कणखर रेघांत दिसतात. दोहोंची मापे मिलिमीटरच्या अपूर्णांकापर्यंत लिहून येतात. आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती ज्यांनी बांधताना पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, दोन चिरे तंतोतंत एका मापाचे निघत नाहीत. गवंडी ओळंबा सोडतो, डोळा बारीक करतो, आणि चुन्या-सिमेंटाच्या थरात तफावत जिरवितो. त्या भिंतीचे माप दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत देणे म्हणजे जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याची बतावणी होय. ही बतावणी यंत्र हेतुपुरस्सर करीत नाही. पण जी वस्तू नेहमीच खात्रीने बोलते, तिच्याशी बोलताना माणूस हळूहळू शंका घेण्याचे विसरतो.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या समितीची मंडळी सभामंडपाच्या नूतनीकरणाचा करारनामा तपासून घेण्यासाठी माझ्याकडे आली होती. बरोबर रंगीत चित्रे होती. समया, फरशीवर पडलेल्या खांबांच्या सावल्या, कोपऱ्यातील तुळशीवृंदावन, सारे हुबेहूब. चित्रात छत होते, छताचे वजन नव्हते. खांबांच्या तपशिलाचा एकच कागद होता आणि त्याच्या कोपऱ्यातील चौकटीत भलत्याच गावच्या मंगल कार्यालयाचे नाव राहून गेले होते. म्हणजे एका जमिनीसाठी काढलेला खांब दुसऱ्या जमिनीवर उचलून ठेवला होता. ही नकल करण्याची सोय या आज्ञावलीच्या गुणांतही मोडते आणि दोषांतही. मी शंका काढताच समितीतील एक वयोवृद्ध सद्गृहस्थ म्हणाले, "वकीलबाब, हें कंप्युटरान केलां न्हय, मागीर चूक कशी आसतली?" त्यांच्या तोंडचा 'कंप्युटरान' हा शब्द मी कित्येक दिवस विसरलो नाही. वजनाचे गणित ज्याने केले त्याचे नाव करारात घालावे, एवढीच सूचना मी केली. ते नाव मिळण्यास तीन आठवडे लागले.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना सामर्थ्याचा उल्लेख केलेला नाही. स्वातंत्र्याचा केला आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि ती क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वांत अधिक उपकारक ते करण. या भेदात मोठी सूक्ष्मता आहे. कुऱ्हाड लाकूड तोडते, हाताला ते तुटत नाही; म्हणजे सामर्थ्य कुऱ्हाडीचे अधिक, तरी कर्तेपण तिच्याकडे जात नाही. याच न्यायाने संगणक अभियंत्याहून हजारपट जलद आणि अचूक गणित करतो, म्हणून तो कर्ता ठरत नाही. इथपर्यंत सारे सोपे आहे. अवघड आहे ती याची दुसरी बाजू. अभियंत्याचे स्वातंत्र्यच जर संपले, म्हणजे पडद्यावरील उत्तरास 'हे बरोबर दिसत नाही' असे म्हणण्याची त्याची शक्तीच नाहीशी झाली, तर कर्ता कोण उरला? यंत्र तर नव्हे. त्याला स्वातंत्र्य कधीच नव्हते. मग कर्त्यावाचूनच एक इमारत उभी राहते, आणि तिच्या नकाशाखाली एका माणसाची सही असते.

कायदा ही रिकामी जागा मानीत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ११ व्या कलमाचा विषय आहे इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोणाचा मानावा हा. एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी योजून ठेवलेल्या यंत्रणेने अभिलेख पाठविला, तरी तो त्या माणसाचाच, असे ते कलम सांगते. कलम पत्रव्यवहारापुरते असले तरी त्यामागील दृष्टी स्पष्ट आहे: यंत्र हे करण. व्यावसायिकाच्या निष्काळजीपणाची कसोटीही अशीच माणसाला लावलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात, प्रकरण डॉक्टरचे असले तरी, त्या व्यवसायातील सर्वसाधारण कुशल मनुष्य जेवढे कौशल्य दाखवील तेवढे अपेक्षिले आहे. 'मी यंत्रावर विसंबलो' हे त्या कसोटीस उत्तर होऊ शकत नाही. फार तर, दुसरा कुशल मनुष्यही त्या प्रसंगी तितकाच विसंबला असता काय, हा प्रश्न उभा राहतो. आणि दिवसेंदिवस सारेच अधिक विसंबू लागले, तर ही कसोटीदेखील हळूहळू सैल होईल, ही भीती मला वाटते.

या आज्ञावली विकणाऱ्यांचे वर्तन येथे पाहण्याजोगे आहे. त्यांच्या जाहिराती वाचाव्यात, तर यंत्र चुका शोधते, पर्याय सुचविते, निर्णय सुलभ करते. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता यंत्र. त्याच आज्ञावलीच्या करारपत्रातील बारीक टाइपातला मजकूर वाचावा, तर हे केवळ प्रशिक्षित व्यावसायिकांच्या हातचे साधन आहे, ते त्यांच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही, आणि निष्पन्नाची पारख करणे सर्वस्वी वापरणाराकडे आहे, अशा अर्थाची कलमे बहुधा आढळतात. जाहिरातीत कर्ता, करारात करण. वकील म्हणून मी ती कलमे लिहिणाराचे कौतुकच करीन. कायद्याच्या दृष्टीने त्याने खरे तेच लिहिले आहे. खेद एवढाच की, जाहिरात सगळे वाचतात आणि करार कोणी वाचीत नाही. शिवाय हे साधन आता धड आपल्या मालकीचेही राहिलेले नाही. पूर्वी ऑटोकॅडची प्रत एकदा विकत घेतली की ती कायमची आपली होई. २०१६ पासून कंपनीने नव्या ग्राहकांना ती तशी विकण्याचे बंद केले, आता मुदतीचे भाडे भरावयाचे. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीचा नकाशा वर्षाच्या भाड्यावर उघडतो. देवस्थानांच्या विश्वस्तांनी निदान छापील प्रत, अभियंत्याच्या सहीनिशी, दप्तरात ठेवावी; कागदाला भाडे पडत नाही.

आता याच्याही पुढची पायरी आलेली आहे. भार किती, आधार कोठे, वजन किती हवे, एवढे सांगितले की आज्ञावली स्वतःच शेकडो आकार घडविते आणि माणसाने त्यांतून एक निवडावयाचा. २०१५ साली एअरबस आणि ऑटोडेस्क यांनी विमानातील एक आडभिंत अशा रीतीने घडविलेली दाखविली; ती हाडाच्या जाळीसारखी दिसते आणि पूर्वीच्या भिंतीहून ४५ टक्के हलकी आहे. तो आकार कोणत्याही माणसाच्या मनात आधी आलेला नव्हता. निवडणे हेही कर्तृत्व खरेच. परंतु निवडणारास नाकारण्याची कारणे ठाऊक असतील तेव्हाच.

समितीच्या त्या प्रकरणानंतर बांधकामाच्या करारनाम्यांत मी एक कलम घालीत आलो आहे. अभियंत्याने आराखड्यासोबत स्वतःच्या हस्ताक्षरातील एक पान जोडावे: छताचे एकूण वजन अदमासे किती, ते कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोचते, आणि तुळई किती वाकेल अशी त्याची अपेक्षा आहे. हार्टफर्डच्या छताखाली असे पान एखाद्याच्या खिशात असते, तर दुप्पट वाक पाहून तो गप्प बसला नसता, असा माझा तर्क आहे. बहुतेक अभियंते कुरकुर करतात व पान देतात; काहींनी तर विद्यार्थिदशेनंतर प्रथमच असे गणित हाताने केल्याचे हसत हसत सांगितले. एका तरुण अभियंत्याने मात्र, ते पानही आपण यंत्राकडून करवून घेऊन मग हाताने उतरवून देऊ शकतो, असे मला शांतपणे ऐकविले. त्यावरचे कलम मला अद्याप सुचलेले नाही.